औषधांनी मुद्दाम कमी केलेली प्रतिकारशक्ती आणि साथीचे दिवस

प्रश्न: वय ४३. अडीच वर्षांपूर्वी मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालं. प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही औषधं आणि रोज ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू आहे. घरात नवरा, शाळेत जाणारी दोन मुलं आणि सासूबाई आहेत. साथीची बातमी आली की मी खोलीत कोंडून घेते, दिवसभर सगळं पुसत बसते, तपासणीलाही जात नाही. एक नातेवाईक म्हणतात, साथ संपेपर्यंत औषधं निम्मी कर म्हणजे प्रतिकारशक्ती परत येईल. लस घेऊन तरी उपयोग होतो का? मी नेमकं काय करू?

उत्तर: आधी त्या नातेवाइकांच्या सल्ल्याचा निकाल लावू, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात घातक भाग तोच आहे. औषध कमी करायचं नाही. अर्धी गोळीही नाही आणि चार दिवसांपुरतंही नाही.

प्रत्यारोपणाच्या रुग्णांबरोबर काम करताना मला वीस वर्षं होऊन गेली. २००९ ची एच१एन१ची साथ पाहिली आणि नंतर कोविड पाहिला. दोन्ही वेळा असे रुग्ण माझ्यासमोर आले, ज्यांनी विषाणूच्या धास्तीने गोळ्या बंद केल्या होत्या. विषाणू त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता, पण क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम बिघडलं की रक्तात वाढणारा घटक) दुप्पट-तिप्पट झालं होतं. तुमचं शरीर नव्या मूत्रपिंडाला अजूनही परकंच समजतं. अडीच वर्षं झाली म्हणून ओळख पटलेली नसते, शरीराचा विरोध फक्त औषधांनी दाबून ठेवलेला असतो. ही पकड सुटली आणि अवयव नाकारला जाऊ लागला, तर तो थांबवण्यासाठी आम्हाला स्टेरॉइडचे मोठे डोस आणि त्याहूनही कडक औषधं द्यावी लागतात. म्हणजे जी प्रतिकारशक्ती वाचवायला निघालात, ती ऐन साथीत आणखी खाली जाते.

प्रेडनिसोलोनची गोष्ट आणखी वेगळी आहे. बरेच महिने ही गोळी घेतली की शरीरातल्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल बनवण्यात आळसावतात. अचानक गोळी बंद केली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. आजारी पडल्यावर डोस बदलायची वेळ येते हे खरं. बहुतेकदा आम्ही सर्वात आधी मायकोफेनोलेटला हात लावतो. पण ते अहवाल समोर ठेवून, त्या माणसापुरतं ठरतं. संधिवात, ल्युपस किंवा आतड्याच्या दाहासाठी अशीच औषधं घेणाऱ्यांनाही हे लागू आहे. आजार उसळला की पुन्हा स्टेरॉइडच वाढवावं लागतं.

याच ओघात ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ चूर्णांचं आणि कॅप्सूलचंही सांगते. तुमची प्रतिकारशक्ती कमी ‘झालेली’ नाही, आम्ही ती मोजूनमापून कमी ‘ठेवलेली’ आहे. ती खरोखर वाढवणारं काही असलंच, तर त्याचा पहिला वार नव्या मूत्रपिंडावर होईल. आणि वाढवणारं नसलं तरी ते निरुपद्रवी असेलच असं नाही. सेंट जॉन्स वॉर्ट नावाची वनस्पती रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी पाडते, तर ग्रेपफ्रूट आणि पपनस ती चढवतात. बाटलीवर ‘नैसर्गिक’ लिहिलंय म्हणून यकृतातली एन्झाइम्स सूट देत नाहीत. पोट भरेल असं ताजं, नीट शिजवलेलं जेवण, पुरेशी झोप आणि रोजचं चालणं एवढं पुरे. त्याने प्रतिकारशक्ती ‘वाढत’ नाही, पण आहे ती टिकते.

मग संरक्षण आणायचं कुठून? आतली भिंत आपण मुद्दाम ठेंगणी ठेवली आहे, तेव्हा कुंपण बाहेर घालायचं. पुढचं सगळं त्या कुंपणाबद्दल आहे.

पण त्याआधी स्वतःची भिंत नेमकी कुठे ठेंगणी आहे ते ओळखा. ‘इम्युनिटी कमी’ या दोन शब्दांत फार वेगवेगळी माणसं कोंबली जातात. केमोथेरपी चालू असलेल्याच्या पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल काही दिवस तळाला जातात. तेव्हा त्याला विषाणूइतकीच स्वतःच्या आतड्यातल्या जिवाणूंचीही भीती असते. रिटुक्सिमॅब हे औषध घेणाऱ्याच्या बी पेशी महिनोन्महिने नसतात, त्यामुळे लशीने प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार होत नाहीत. प्लीहा काढलेल्या माणसाला न्यूमोकॉकससारखे काही विशिष्ट जिवाणू झपाट्याने घेरतात. एचआयव्हीत सीडी४ पेशी २०० च्या खाली असतील तर धोका मोठा, पण उपचार नीट चालू असून त्या भरपूर असतील तर तो माणूस बराचसा इतरांसारखाच. दम्याचा पंप ओढणारे लोकही घाबरून विचारतात. श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडचा नेहमीचा डोस या यादीत येत नाही. तोंडाने रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन दोन आठवडे किंवा त्याहून अधिक चाललं असेल, तर येतो.

तुमची अडचण मुख्यतः टी पेशींची आहे, आणि मायकोफेनोलेटमुळे बी पेशींचीही. विषाणूशी लढायचं काम प्रामुख्याने यांचंच, त्यामुळे काळजी रास्त आहे. तरी एक दिलासा देते. प्रत्यारोपणानंतरचे पहिले सहा महिने आणि अवयव नाकारण्यावरचे जोरदार उपचार झाल्यानंतरचे काही महिने सर्वात नाजूक असतात. तुम्ही त्या टप्प्याच्या पुढे आला आहात. कोविडच्या सुरुवातीच्या महिन्यांत रुग्णालयात दाखल झालेल्या प्रत्यारोपित रुग्णांपैकी साधारण पाचातला एक दगावत होता. तेव्हा लस नव्हती आणि विषाणूवरचं औषधही हाताशी नव्हतं. पुढच्या साथीच्या पहिल्या काही महिन्यांतही तीच परिस्थिती असू शकते, म्हणून जे औषधाविना जमतं ते आधी पक्कं करायचं.

आता पुसण्याबद्दल. फरशी, दाराच्या कड्या, पिशव्या, भाजी, नोटा हे सगळं पुसण्यात तुम्ही दिवस घालवता. हात साबणाने वीस सेकंद चोळून धुवा, बाहेर असताना निदान ६० टक्के अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर वापरा, आणि तेवढ्यावर थांबा. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने अंदाज मांडला होता की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने कोविड होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. जुलाबाचे विषाणू वेगळे वागतात, तिथे हातांची स्वच्छता जास्त मोलाची. पण श्वसनाच्या साथीत खरा खेळ हवेचा असतो.

कुणीतरी भरपूर अत्तर लावून लिफ्टमधून उतरून जातं आणि तुम्ही नंतर रिकाम्या लिफ्टमध्ये शिरता. माणूस नाही, वास आहे. श्वासातून, बोलण्यातून, गाण्यातून निघणारे बारीक कण तसेच बंद जागेत रेंगाळतात. १० मार्च २०२० ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅगिट काउंटीत एका समूहगायन मंडळाची अडीच तासांची तालीम झाली. आलेल्या ६१ जणांत एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. त्या तालमीनंतर त्याच्यासह ५३ जण आजारी पडल्याचं धरलं गेलं, त्यातले ३३ चाचणीने सिद्ध झाले आणि दोघे दगावले. बंद खोली, बराच वेळ आणि मोठा आवाज हे तिन्ही तिथे एकत्र आले होते. ‘सहा फूट अंतर’ हा नियम त्या काळात सगळ्यांच्या तोंडी झाला, पण कोंदट खोलीत दोन तास बसलात तर सहा फुटांनी फारसं काही साधत नाही. उलट मोकळ्या मैदानात कुणी चार पावलांवरून चालत गेलं तर ते जवळजवळ विसरण्यासारखं आहे.

म्हणून माझ्या रुग्णांना मी कुठे जाऊ नका याची यादी देत नाही. मी विचारायला सांगते: इथे मी किती वेळ किती लोकांची हवा घेणार आहे, आणि ती हवा बदलते आहे का? या एका प्रश्नाने बरीच गणितं सुटतात. दहा मिनिटांची खरेदी गर्दी नसलेल्या वेळी, चांगला मास्क लावून केली तर चालेल. बंद सभागृहातला तीन तासांचा समारंभ लाट चढत असताना नको. समारंभ अंगणात असेल तर जा, जेवणाच्या वेळी थोडं बाजूला बसा. सकाळचं फिरणं मास्कशिवायही बिनधास्त. खोलीत कोंडून घेण्यात मोठा तोटा असा की घरातली चार माणसं बाहेरून येऊन तीच बंद हवा तुमच्याबरोबर वाटून घेतात, आणि तुमचे स्नायू, झोप, मन मात्र झिजत जातं.

मास्कबद्दल थोडं विस्ताराने, कारण इथे चुका फार होतात. कापडी मास्क तुमच्यासाठी पुरेसा नाही. निळा सर्जिकल मास्क गालांशी उघडा राहतो आणि हवा नेहमी सोपी वाट धरते. तुम्हाला एन९५ किंवा एफएफपी२ दर्जाचा हवा. एन९५ मधले ९५ म्हणजे चाळायला सर्वात अवघड असलेल्या, सुमारे ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी निदान ९५ टक्के अडवणं. पण हा आकडा कापडाचा आहे, तुमच्या चेहऱ्याचा नाही. मास्क नाकावर दाबून बसवा, दोन्ही तळवे त्यावर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वाऱ्याची झुळूक आली किंवा चष्म्यावर वाफ धरली तर तो गळतोय. कानात अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे पट्टे घट्ट बसतात. दाढी असेल तर कडा टेकतच नाहीत. तुमच्या यजमानांना हे सांगून पाहा, बहुतेक पुरुष या मुद्द्यावर माझ्याशी हुज्जत घालतात. मास्कवर झडप असेल तर तो लावणाऱ्याचं रक्षण करतो, पण त्याचा उच्छ्वास न गाळता बाहेर सोडतो. म्हणून घरातल्या आजारी माणसाला झडपेचा मास्क देऊ नका.

एन९५ धुवायचा नाही आणि त्यावर सॅनिटायझरही फवारायचं नाही. त्याच्या धाग्यांवर विद्युतभार दिलेला असतो आणि बारीक कण पकडायचं बरंचसं काम तो भार करतो. पाण्याने, अल्कोहोलने तो उतरतो आणि हातात नुसतं कापड उरतं. चार-पाच मास्क घ्या, कागदी पाकिटांवर वार लिहा आणि आळीपाळीने वापरा. पट्टे सैल पडले, मास्क ओला किंवा मळका झाला की टाकून द्या. समोरच्यानेही मास्क लावला तर फारच बरं. पण साऱ्या जगाने लावावा म्हणून थांबू नका, नीट बसलेला एकट्याचा मास्कही बरंच काम करतो.

घरातली हवा. समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या थोड्या उघड्या ठेवणं हे एक खिडकी सताड उघडण्यापेक्षा चांगलं. छताचा पंखा हवा ढवळतो, बदलत नाही. भिंतीवरचा नेहमीचा एसीही खोलीतलीच हवा थंड करून परत देतो. एक्झॉस्ट पंखा मात्र हवा बाहेर काढतो, तो चालू ठेवा. खिडकी उघडणं शक्य नसेल तर हेपा फिल्टरचा हवा शुद्ध करणारा यंत्रसंच खोलीच्या आकाराला पुरेल असा घ्या. हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. २०२० मध्ये रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल यांच्या कल्पनेतून एक घरगुती तोडगाही निघाला: चौकोनी पंख्याला चार चांगले फिल्टर चिकटपट्टीने जोडून केलेलं खोकं. दिसतं ओबडधोबड, पण काम चोख करतं.

कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र घेणारे काही रुग्ण माझ्याकडे आहेत. बाहेरच्या हवेत हा वायू दशलक्षात सव्वाचारशेच्या आसपास असतो. खोलीत आकडा आठशेच्या खाली असेल तर हवा बरी खेळते आहे, दोन हजाराला टेकला तर तुम्ही दुसऱ्यांनी सोडलेली हवा घेताय. हवा शुद्ध करणारं यंत्र विषाणू गाळतं, कार्बन डायऑक्साइड गाळत नाही, त्यामुळे ते चालू असताना आकडा उगाच भीती दाखवतो हेही लक्षात असू द्या.

आता घरची माणसं. माझ्या मते या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्या खोलीत नाही, बैठकीच्या खोलीत आहे. तुम्ही कितीही जपलंत तरी संसर्ग बहुधा तुमच्या आवडत्या माणसाकडून येणार. त्यामुळे पहिला नियम औषधाचा नाही, बोलण्याचा आहे. घसा खवखवला, नाक वाहायला लागलं, अंग मोडून आलं की त्याच मिनिटाला सांगायचं. ‘साधी सर्दी आहे’ म्हणून लपवायचं नाही, आणि सांगितलं म्हणून कुणी रागवायचंही नाही. विशेषतः मुलांवर. माझ्या एका रुग्णाच्या घरी मुलाने तीन दिवस खोकला उशीत दाबला होता, कारण मागच्या वेळी त्याला ‘तुझ्यामुळे आईला काही झालं तर’ असं ऐकवलं गेलं होतं. ते वाक्य त्या मुलाच्या तोंडून ऐकताना माझाच घसा दाटून आला. मुलांना शाळेतून काढू नका. साथ जोरात असेल तेव्हा शाळेत मास्क, घरी आल्यावर हातपाय धुणं आणि दोन दिवस तुमच्याबरोबर न जेवणं एवढं समजावून सांगितलं तर ती मोठ्यांपेक्षा जास्त इमानदारीने पाळतात.

कुणी आजारी पडलंच तर त्याला वेगळी खोली द्या, खिडकी उघडी ठेवा, घरात सगळ्यांना मास्क. शुश्रूषा दुसऱ्या कुणीतरी करायची, तुम्ही नाही. सासूबाईंवर सहसा हे काम येऊन पडतं, पण वयामुळे त्यांनाही धोका आहे, तेव्हा ते यजमानांनी करावं. जेवताना मास्क उतरतो, म्हणून जेवणं वेगवेगळी. न्हाणीघर एकच असेल तर आजारी माणसाने शेवटी जावं, एक्झॉस्ट चालू ठेवावा आणि तुम्ही मध्ये बराच वेळ जाऊ द्यावा. घरी करायच्या अँटिजेन चाचणीवर एका रेघेने निर्धास्त होऊ नका. पहिल्या एक-दोन दिवसांत ती सर्रास चुकीची निगेटिव्ह येते. निदान ४८ तासांनी पुन्हा करा. तुम्हाला स्वतःला लक्षणं असतील तर पीसीआरच करून घ्या.

लशीचा उपयोग होतो का? होतो, पण इतरांइतका नाही, आणि हे आकड्यांत दिसलेलं आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रत्यारोपण झालेल्यांच्या रक्तात कोविडच्या एमआरएनए लशीनंतरची प्रतिपिंडं तपासली. पहिल्या डोसनंतर फक्त १७ टक्क्यांत सापडली, दुसऱ्यानंतर ६५८ जणांपैकी ५४ टक्क्यांत. मायकोफेनोलेटसारखी औषधं घेणाऱ्यांमध्ये प्रतिसाद आणखी कमी होता. त्याच वर्षी फ्रान्समधल्या तुलूझच्या डॉक्टरांनी १०१ प्रत्यारोपित रुग्णांना तिसरा डोस दिला, तेव्हा प्रतिपिंडं असणारे ४० वरून ६८ टक्क्यांवर गेले. म्हणून तुमच्यासाठी वेळापत्रक वेगळं असतं. इतरांना जो बूस्टर म्हणून मिळतो, तो तुमच्या बाबतीत मूळ मात्रेचाच भाग धरतात आणि पुढेही डोस लागू शकतात. प्रतिपिंडं दिसली नाहीत तरी टी पेशींनी थोडंफार शिकून ठेवलेलं असू शकतं. पण लस घेतली म्हणून मास्क उतरवायचा, हे गणित तुमच्या बाबतीत जमत नाही.

वेळ साधणंही महत्त्वाचं. प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्यांनी लशी शस्त्रक्रियेच्या आधीच उरकाव्यात. रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांनी पुढच्या डोसच्या काही आठवडे आधी घ्यावी. संधिवातासारख्या आजारांत दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांत लशीनंतर दोन आठवडे गोळी थांबवली तर प्रतिपिंडं सुमारे दुप्पट होतात, हे ब्रिटनमधल्या एका चाचणीत दिसलं आहे. पण ही सवलत मेथोट्रेक्सेटची, डॉक्टरांना विचारून घेतलेली. ती वाचून तुम्ही टॅक्रोलिमस थांबवाल म्हणून मुद्दाम पुन्हा सांगते: नाही.

जिवंत विषाणू असलेल्या लशी, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर, नाकात फवारायची फ्लूची लस, तोंडावाटे द्यायचा पोलिओ, तुम्ही घ्यायच्या नाहीत. दंडात टोचायची फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकॉकसची ठरल्याप्रमाणे जरूर घ्या. साथीत माणूस कित्येकदा विषाणूमागून आलेल्या जिवाणूच्या न्यूमोनियाने जातो. घरातल्या सगळ्यांनी आपापल्या लशी पूर्ण कराव्यात. मुलांना गोवर, कांजिण्यांची लस देता येते. पोलिओची मात्र टोचायची द्यावी, तोंडावाटे नको. कांजिण्यांच्या लशीनंतर मुलाच्या अंगावर पुरळ आलं तर ते जाईपर्यंत त्याला जवळ घेऊ नका.

एवढं करूनही संसर्ग होऊ शकतो. तेव्हा पहिले दोन-तीन दिवस निर्णायक असतात, आणि त्या दिवशी तापात, घाबरलेल्या मनाने निर्णय घ्यायचे नसतात. ते आजच कागदावर हवेत. विषाणूवरची औषधं लवकर दिली तरच काम करतात. कोविडमध्ये निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिरची जोडी, म्हणजे पॅक्सलोव्हिड, लक्षणांच्या पाच दिवसांत सुरू करायची असते. रेमडेसिव्हिर शिरेतून तीन दिवस, लक्षणांच्या सात दिवसांत. आणि इथे तुमच्यासाठी मोठा खड्डा आहे. रिटोनाव्हिर यकृतातलं असं एन्झाइम अडवतं, जे टॅक्रोलिमस मोडतं. दोन्ही एकत्र नेहमीच्या डोसात घेतली तर दोन-तीन दिवसांत टॅक्रोलिमसची पातळी कित्येक पटींनी चढून हात थरथरतात, मूत्रपिंडाला इजा होते. तुम्हाला न ओळखणाऱ्या डॉक्टरांनी घाईत लिहून दिलेली ही गोळी घेऊन आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. चूक कुणा एकाची नसते, कागद अपुरा असतो. म्हणून कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी पहिलं वाक्य हेच: ‘माझं मूत्रपिंड प्रत्यारोपित आहे आणि मी टॅक्रोलिमस घेते.’ अशा वेळी आम्ही बहुधा रेमडेसिव्हिर निवडतो, नाहीतर टॅक्रोलिमस थांबवून पातळी तपासत राहतो.

आधीच टोचून ठेवायची प्रतिपिंडं हाही एक मार्ग आहे, पण विषाणू बदलला की ती निकामी होतात. एव्हुशेल्ड हे कोविडसाठीचं असं औषध डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत तातडीच्या वापरासाठी मंजूर झालं आणि जानेवारी २०२३ मध्ये तिथला वापर थांबला. म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका, त्या वेळी काय चालतंय ते विचारा.

दुसरीकडे, काही लोक ताप आला की स्वतःच स्टेरॉइड वाढवतात. २०२० मधल्या ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने डेक्सामेथासोनचा फायदा दाखवला तो ऑक्सिजन लागणाऱ्यांत. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही.

ताप मोजा, अंदाज नको. स्टेरॉइड ताप दाबतं, त्यामुळे तुमचा ३७.८ अंश सेल्सिअस इतरांच्या ३९ इतका गांभीर्याने घ्यावा लागतो. ३८ झाला की फोन, रात्री दोन वाजता असला तरी. केमोथेरपीवरच्या माणसाने तर फोनवर वेळही न घालवता थेट रुग्णालय गाठावं, तिथे तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. बोटावरचा ऑक्सिमीटर घरात ठेवा. बोट गरम, नखं रंगवलेली नसावीत, आकडा स्थिर व्हायला मिनिटभर द्या. ९४ किंवा खाली गेला तर वाट पाहू नका. सावळ्या त्वचेवर हे यंत्र ऑक्सिजन थोडा जास्त दाखवतं, हे डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने ठळकपणे पुढे आणलं. त्यामुळे आकडा ९६ असला तरी दोन पावलांत धाप लागत असेल तर धापेवर विश्वास ठेवा. बरं होण्याच्या शर्यतीतही तुम्ही मागे असाल. प्रतिकारशक्ती दबलेल्यांच्या शरीरात विषाणू कधीकधी कित्येक आठवडे तग धरतो. विलगीकरण ‘दहा दिवस झाले’ म्हणून न संपवता चाचणी करून, विचारून संपवा.

तपासण्या चुकवणं ही तुमच्या पत्रातली दुसरी गंभीर गोष्ट. गेल्या साथीत माझ्या रुग्णांचं विषाणूने जेवढं नुकसान केलं, त्याच्या जवळपास जाईल एवढं चुकलेल्या तपासण्यांनी केलं. दिवसातली पहिली वेळ मागा, प्रतीक्षागृह तेव्हा रिकामं असतं. नंबर येईपर्यंत बाहेर मोकळ्यावर थांबा. रक्त घरी येऊन नेण्याची सोय असेल तर ती वापरा, बोलणं फोनवर करा. टॅक्रोलिमसच्या तपासणीचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं. साथीच्या धांदलीत हे विसरून गोळी घेतली की आकडा खोटा चढतो आणि आम्ही उगाच डोस कमी करतो.

औषधांचा एक महिन्याचा साठा जास्तीचा ठेवा, सहा महिन्यांचा नको. २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर लोक तुटून पडले आणि ते रोज लागणाऱ्या ल्युपसच्या रुग्णांना मिळेना.

पुढच्या भेटीला एक कोरा कागद घेऊन जा आणि डॉक्टरांसमोर भरा: सगळी औषधं डोससकट, शेवटचं क्रिएटिनिन आणि टॅक्रोलिमसची पातळी, घेतलेल्या लशी तारखांसह, ताप आल्यास रात्री कुणाला फोन करायचा, कोणतं विषाणूरोधक चालेल, कोणतं नाही, आणि मायकोफेनोलेटचं काय करायचं. खाली त्यांची सही घ्या. एक प्रत पाकिटात, एक यजमानांच्या फोनमध्ये, एक फ्रिजच्या दारावर. आणि त्या नातेवाइकांनी पुन्हा विषय काढला तर फ्रिजकडे बोट दाखवा.